साडेसोळाव्या वर्षी सिनियर संघाचं बोलावणं: पाठवायचं की थांबवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेसोळा वर्षांचा, अकरावीत, कोल्हापुरातच सराव करतो. हॉकीत आघाडीला खेळतो आणि ड्रॅग फ्लिक (चेंडू काठीवर ओढत नेऊन जोरात गोलकडे फेकायचा फटका) मारतो. राज्याच्या वयोगट संघातून खेळून झालंय. आता एका सिनियर संघाने ‘पाहुणा खेळाडू’ म्हणून अखिल भारतीय स्पर्धांना बोलावलंय, आणि जमलं तर पुढे हॉकी इंडिया लीगच्या लिलावात नाव देऊ असंही म्हणतायत. पाठवावं का? आणि शेवटी, जाता जाता: दोन महिने झाले, अधूनमधून कंबर धरते, पण खेळतो.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच शेवटचं आहे, म्हणून आधी कंबर.

वाढत्या वयातल्या ड्रॅग फ्लिकरची कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर ‘स्नायू धरलाय, तेल चोळून शेक घे’ हे उत्तर चालत नाही. फ्लिक मारताना शेवटचं पाऊल लांब पडतं, धड पार खाली जातं, आणि त्याच वाकलेल्या अवस्थेतून कंबर वळत, एका बाजूला झुकत वर येते. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, त्याचं काही ओझं नसतं. ओझं असतं त्या पिळाचं, आणि ते येतं कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागच्या बारीक कमानीवर. या वयात ते हाड पुरतं पिकलेलं नसतं. त्यावर रोज शंभर-शंभर फ्लिक मारल्या की तिथं ताणाने बारीक चीर पडू शकते. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी टाकणाऱ्या पोरांना होतं तेच दुखणं.

घरी बघता येईल अशी एक खूण आहे. पोराला एका पायावर उभं करा आणि हळूहळू मागे कमान करायला सांगा. मग पाय बदला. कमरेच्या एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं टोचलं तर फ्लिक त्याच दिवशी बंद. उलट काही दुखलं नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही, ही परीक्षा तेवढी पक्की नाही. साध्या एक्स-रेमध्ये ही चीर सुरुवातीला बऱ्याचदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पोरगं परत टर्फवर जातं आणि घोळ तिथंच होतो. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ‘ड्रॅग फ्लिक मारतो, मागे वाकलं की दुखतं’ हे याच शब्दांत सांगा, आणि एमआरआय लागेल का ते त्यांना ठरवू द्या. लवकर सापडलं तर बहुतेकदा तीन-चार महिन्यांची विश्रांती आणि नीट व्यायाम यावर भागतं. तसंच दामटून खेळलं तर चीर आरपार जाते आणि मग दुखणं वर्षानुवर्षं सोबत राहतं. डॉक्टरांचं उत्तर हातात येईपर्यंत कुठल्याही संघाला होकार देऊ नका.

आता कंबर साफ निघाली असं धरून पुढचं.

सिनियरमध्ये लवकर जाणं हे मुळात वाईट नाही. वाईट असतं ते सगळंच एका दमात वाढणं: चेंडूचा वेग, समोरच्याचं अंग, आठवड्यातले सामने, रेल्वेचा प्रवास, बाहेरचं जेवण, अपुरी झोप आणि ‘आता दाखवून द्यायचं’ हे डोक्यावरचं ओझं. खासबागेत जोड बघितल्याशिवाय कुस्ती लावत नाहीत. हॉकीत वजनगट नाहीत, त्यामुळे जोड बघायचं काम तुमचं आणि प्रशिक्षकाचं. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी सिनियरांबरोबर सराव, मग घरच्या मैदानावर सिनियर सामने, मग बाहेरगावची एखादी स्पर्धा. तुम्हाला आलेलं बोलावणं हे थेट तिसऱ्या पायरीचं आहे.

त्यात पहिला प्रश्न विचारायचा तो मिनिटांचा. सामना ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांचे चार भाग. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर होतात, त्यामुळे ‘पोरगं संघात आहे’ या वाक्याला काहीच अर्थ नाही. तीन मिनिटं आत जाऊन आलेलाही खेळलेला आणि पन्नास मिनिटं खेळलेलाही खेळलेला. पाहुणा म्हणून नेलेला सोळा वर्षांचा मुलगा साधारण पंधराव्या-सोळाव्या क्रमांकाचा खेळाडू असतो. सामन्याला सहा-सात मिनिटं मिळतात, तीही बाजूच्या रेषेला चिकटून. पाच सामने झाले तरी बेरीज अर्ध्या तासाच्या आसपास. त्याच दहा दिवसांत घरी राहिला असता तर वयोगटाचे दोन सामने जवळपास पूर्ण आणि सात-आठ सराव झाले असते.

मिनिटं कमी, हा निम्मा तोटा. उरलेला निम्मा त्या मिनिटांत पोरगं काय शिकतं त्यात आहे. मोठ्यांची ओरड खायची नाही म्हणून तो एक स्पर्श करून चेंडू मागे देतो. चुकत नाही, म्हणून शाबासकी मिळते. दोन मोसम असं झालं की ज्या पोराला अंगावर येणाऱ्या बचावपटूला चकवून डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) घुसायची सवय होती, तो फक्त सुरक्षित पास देणारा होऊन परत येतो. चुका करायची मुभा ज्या पातळीवर आहे तिथंच चकवणं वाढतं.

फ्लिकरचं तर आणखी अवघड. सिनियर संघात पेनल्टी कॉर्नर (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची खास संधी) मारायला दोघंजण आधीच रांगेत असतात. तुमचा मुलगा तिसरा. म्हणजे ज्या हुनरावर त्याला बोलावलं, तेच त्याला सामन्यात वापरायला मिळणार नाही. त्याला देतील काय? चेंडू आत ढकलायचं काम, किंवा पळायला चपळ आहे म्हणून बचावात पहिल्या रशरचं काम. या दुसऱ्या कामाला स्पष्ट नकार द्या. रशर गोलरेषेवरून सुटून थेट फ्लिकरवर धावतो. चेंडू सुटतो तेव्हा दोघांत पाच-सहा मीटर उरलेले असतात. चांगली फ्लिक ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाते. पाच मीटरवरून तो चेंडू अंगावर यायला सेकंदाचा पाचवा हिस्साही लागत नाही, म्हणजे बघून हलायला वेळच नाही. शिवाय कॉर्नरवरच्या पहिल्या हिटला ४६० मिलिमीटर उंचीची मर्यादा आहे, फ्लिकला तशी मर्यादा नाही. मुखवटा, गुडघ्याचे पॅड, हातमोजे, जांघेचं संरक्षण, हे सगळं घालूनसुद्धा सिनियर फ्लिकरसमोर रशर म्हणून १८ च्या आत नको. गोलरक्षक मुलांच्या पालकांनीही हेच वाचावं: सिनियरांच्या फ्लिका झेलायचा सराव आठवड्यातून एकदा, ठरावीक संख्येत, आणि पॅड त्याच्या मापाचे. थोरल्या भावाचे ढिले पॅड नकोत.

आता शरीर तयार आहे का, हे वयाच्या दाखल्यावर ठरत नाही. दोन मुलं एकाच महिन्यात जन्मलेली असतात, एकाला मिशा फुटलेल्या आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते, मुलींची बाराच्या आसपास, पण मागेपुढे दोन वर्षं सहज होतं. त्यामुळे मोजायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, अनवाणी, भिंतीला टाच आणि पाठ टेकवून उभी उंची, आणि त्याच वेळी स्टुलावर ताठ बसवून बसकी उंची. दोन्ही वहीत लिहा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर वाढीचा झपाटा अजून चालू आहे. हाडं पुढे आणि स्नायू मागे, अशी ही अवस्था. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणं, टाच दुखणं, आणि काल जमणारा ट्रॅप (येणारा चेंडू काठीवर थांबवणं) आज न जमणं, हे सगळं याच काळात होतं. प्रशिक्षकाला वाटतं पोरगं आळशी झालं. या महिन्यांत पातळी वाढवायची नाही, आणि पूर्ण जोराच्या फ्लिक निम्म्यावर आणायच्या.

फ्लिकचं गणित विचारलं नाहीत, तरी देतो. या वयाला आठवड्यातून तीनच दिवस, लागोपाठ दोन दिवस नाही, आणि एका दिवशी पूर्ण ताकदीच्या २५ ते ३०. त्यापुढचं शिकणं बिनजोराचं: धावेची पावलं, उजव्या पायाची आडवी चाल, चेंडू काठीच्या दांड्यावर लवकर उचलणं, शेवटच्या क्षणी दिशा बदलणं. यासाठी ताकद लागत नाही, आणि खरी फ्लिक यातच घडते. सराव संपल्यावर दमलेल्या अंगाने ‘आता कॉर्नर मारूया’ ही आपल्याकडची सवय मोडा. फ्लिका सुरुवातीला, गरम झालेल्या पण ताज्या अंगाने.

एकूण भार किती, यासाठी ढोबळ नियम असा: वय जितकं, तितकेच तास आठवड्याला, सामने आणि व्यायामशाळा धरून. म्हणजे तुमच्या मुलाला १६. याहून नेमकं हवं असेल तर रोज रात्री त्याला विचारा, आजचं सत्र दहापैकी किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. ९० मिनिटांचा सराव सहा वाटला तर ५४०. आठवड्यात असे पाच म्हणजे २,७००. आता स्पर्धेत त्याला पूर्ण सामने खेळवले असं धरून तो आठवडा मांडा. वॉर्मअपसह ९० मिनिटं, जडपणा आठ, म्हणजे ७२० चा एक सामना. असे सहा म्हणजे ४,३२०. एका आठवड्यात दीडपटीहून जास्त उडी. सुरक्षित वाढ साधारण दहा-पंधरा टक्क्यांची धरतात.

आणि तो बाकावरच बसला तर? मग भार एकदम कोसळतो. दहा दिवस सहा-सहा मिनिटं खेळून, गाडीत बसून, हॉटेलचं खाऊन तो घरी येतो, आणि दुसऱ्याच रविवारी लाईन बझारला मेजर ध्यानचंद स्टेडियमवर त्याला पूर्ण ६० मिनिटं खेळवतात, कारण ‘सिनियर खेळून आलाय’. मांडीचा मागचा स्नायू जातो तो बहुतेक याच सामन्यात. परत आल्यावर पहिला आठवडा सराव, दुसऱ्या आठवड्यात अर्धा सामना, असंच ठेवा.

लोक तुम्हाला राणी रामपालचं उदाहरण देतील. बरोबर आहे, ती चौदाव्या वर्षी भारताच्या सिनियर संघात आली आणि २०१० च्या विश्वचषकात पंधरा वर्षांची असताना ७ गोल केले. पण ती अपवाद होती म्हणून तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे. मला जास्त शिकण्यासारखी वाटतात ती दुसरी दोन. हरमनप्रीत सिंग २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिक खेळला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लखनौला ज्युनियर विश्वचषक खेळायला खाली आला. तो विश्वचषक भारताने जिंकला. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या नावावर १० गोल होते, स्पर्धेत सगळ्यात जास्त. विवेक सागर प्रसाद सतराव्या वर्षी सिनियर संघात आला, टोकियोचं कांस्यपदक गळ्यात घातलं, आणि त्यानंतर काही महिन्यांत भुवनेश्वरला ज्युनियर विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. ऑलिंपिकचं पदक घेतलेला मुलगा ज्युनियर संघात परत जाऊ शकतो, तर आपल्या पोराने जिल्ह्याच्या वयोगट संघात परत जाण्यात कसला आलाय कमीपणा?

कोल्हापुरात ही गोष्ट जरा जास्त जाचते. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलची सवय आहे आपल्याला. पेठेच्या संघातून पोरगं मोठ्यांत खेळलं की गल्लीत त्याचं वजन वाढतं, आणि परत छोट्या गटात दिसलं की ‘काय रे, काढलं काय?’ असं विचारणारे चारजण भेटतात. आईबापांनी यात पडू नये.

बर्फावरच्या हॉकीत, उत्तर अमेरिकेच्या एनएचएलमध्ये, या वर-खाली होण्याची सोय नियमातच आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा करारबद्ध मुलगा मोसमात १० पेक्षा कमी सामने खेळला तर कराराचं ते वर्ष मोजलं जात नाही. त्यामुळे संघ त्याला नऊ सामने खेळवून बघतात आणि तयार नसेल तर ज्युनियरला परत धाडतात. तो नियम संघाच्या पैशाच्या हिशेबातून आलेला आहे, पोराच्या दयेतून नव्हे, पण तुम्ही त्यातली युक्ती घ्या: आधीच ठरवलेल्या थोड्या सामन्यांची चाचणी, आणि परतीचं तिकीट.

हॉकी इंडिया लीगबद्दल. २०२४-२५ मध्ये ही लीग परत सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते, प्रत्येकात २४ खेळाडू, त्यात किमान १६ भारतीय आणि चार ज्युनियर सक्तीचे. लिलावात मूळ बोली २, ५ आणि १० लाखांची होती. चार ज्युनियर सक्तीचे, याचा अर्थ दार उघडं आहे. पण त्याचा अर्थ चौघं मैदानात उतरतात असा नाही; संघात नाव आणि मैदानात मिनिटं यांत फरक आहे. ज्याचा वयोगटात राष्ट्रीय पातळीवर जम बसलाय आणि ज्याचं अंग भरलंय, त्याला परदेशी खेळाडूंबरोबर महिनाभराचा सराव मिळणं ही मोठी गोष्ट आहे, बाकावर बसूनसुद्धा. तुमचा मुलगा आज त्या टप्प्यावर नाही.

तारखाही बघा. लीगचा तो मोसम २८ डिसेंबरला सुरू होऊन १ फेब्रुवारीला संपला, आणि त्या वर्षी बारावीचा पहिला पेपर ११ फेब्रुवारीला होता. प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. पुढच्या वर्षी तुमचा मुलगा बारावीत असेल. शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण असो की रेल्वेची क्रीडा भरती, तिथं शैक्षणिक पात्रता लागतेच, आणि रेल्वेचं दार अठराच्या आत उघडत नाही. नोकरीसाठी घाई करतोय असं कुणी म्हणत असेल, तर साडेसोळाव्या वर्षी ती घाई निष्फळ आहे. या दीड वर्षात राज्याच्या वयोगट संघातून राष्ट्रीय स्पर्धेत पूर्ण मिनिटं खेळून मिळणारं प्रमाणपत्र, पाहुणा म्हणून खेळलेल्या चार निमंत्रित स्पर्धांपेक्षा जास्त कामाला येतं.

खाण्याचं फार अवघड करू नका. ५५ किलोच्या पोराला दिवसाला साधारण ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं लागतात. अर्धा लिटर दूध, चार अंडी, दोन वाट्या उसळ आणि भाकरी-चपाती यांत ती बसतात. प्रोटीन पावडरचे डबे आणायची गरज नाही. व्यायामशाळेने उंची खुंटते हा समज सोडून द्या. आठवड्यातून दोनदा, शिकवणारा समोर असताना, वजनं उचलायला हरकत नाही. सिनियरांच्या धक्क्यात टिकायचं तर एका पायावरची बैठक डगमगता कामा नये आणि कडेवरचा प्लँक दोन्ही बाजूंना मिनिटभर टिकला पाहिजे.

मुलींसाठी दोनच ओळी, पण महत्त्वाच्या. पाळी तीन महिने थांबली तर ते ‘खेळामुळे होतं’ म्हणून सोडायचं नाही. खाणं कमी पडतंय, आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासा. फलटण भागातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांच्यासारख्या मुली भारतीय संघापर्यंत गेल्या, त्या पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वर्षानुवर्षं घडून.

आता त्या संघाच्या व्यवस्थापकाला काय सांगायचं. नाही म्हणू नका, पाच गोष्टी विचारा. कुठल्या जागी खेळवणार आणि सामन्याला किमान किती मिनिटं? सराव सामन्यांत त्याला कॉर्नर मारायला देणार का? सलग सामन्यांमध्ये एक दिवस मोकळा आहे का? दुखापत झाली तर एमआरआय आणि उपचाराचा खर्च कोण करणार, आणि तसा विमा आहे का? आमच्या वयोगट संघाची निवड चाचणी मध्येच आली तर त्याला सोडणार का? उत्तरं मेसेजवर लेखी मागा. जो व्यवस्थापक मिनिटांच्या प्रश्नावर ‘आधी येऊ तर द्या’ म्हणतो, त्याच्याकडे उत्तर नाही असं समजा. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही असलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून कागद पुढे आला तर त्याला कुठंही सही करू देऊ नका. पालक म्हणून तुमची सही मागितली तर आधी वकिलाला दाखवा, आणि दुसऱ्या संघाकडे जाताना ना हरकत पत्र किती दिवसांत देणार हे त्यात लिहून घ्या.

उत्तरं समाधानकारक आली आणि डॉक्टरांनी कंबर मोकळी केली, तर स्पर्धेआधीच्या सराव शिबिराला दहा दिवस पाठवा, स्पर्धेला नको. सिनियरांच्या वेगात ट्रॅप टिकतो का, धक्का खाऊन उभा राहतो का, हे तिथंच कळतं, आणि तिथं चुकल्याची नोंद कुणी ठेवत नाही. जाताना वही बरोबर द्या. रोजची मिनिटं, दबावाखाली घेतलेले चेंडू, गमावलेले चेंडू, डीमध्ये किती वेळा शिरला, आणि रात्री कंबर कशी होती, एवढं त्याने स्वतः लिहावं. दहा दिवसांनी ती पानं त्याच्या इथल्या प्रशिक्षकाला दाखवा आणि स्पर्धेचं मग ठरवा.